सूचना : रेतिचेल्लोच्या चौकोनाची पूर्वतयारी
सर्व सभासदांस कळविण्यात येते की, येत्या शनिवारच्या बैठकीत इटालियन पांढऱ्या भरतकामातील ‘रेतिचेल्लो’चा एक लहान चौकोन हाती घेतला जाईल. कापडातले बहुतेक उभे-आडवे धागे काढून टाकायचे, उरलेल्या मोजक्या धाग्यांची चौकट दोऱ्याने गुंडाळून घट्ट करायची आणि मधल्या रिकाम्या जागेत काजाच्या टाक्यांनी कमानी व त्रिकोण उभे करायचे, अशी ही पद्धत 16 व्या शतकात इटलीत बहरली. कापडाचा आधारच सोडून देणारी ‘पुंतो इन आरिया’, म्हणजे ‘हवेतला टाका’, ही लेस पुढे हिच्यातूनच घडली.

प्रत्येकाने इंचाला 28 ते 32 धागे असलेले, विणीत उभे-आडवे सारखे भरणारे पांढरे लिनन, 8 व 12 क्रमांकाचा पर्ल कॉटन (घट्ट पिळाचा सुती) दोरा, बोथट टोकाची सुई आणि अणकुचीदार लहान कात्री आणावी. नेहमीचा सहापदरी दोरा कृपया आणू नये, कारण त्याला पीळ कमी असल्याने काजाच्या टाक्याची कड उठून दिसत नाही.

चौकोनाच्या कडेचे टाके पूर्ण होईपर्यंत एकही धागा कापू नये, आणि त्यानंतरही कापड उजेडासमोर धरून धागे दोनदा मोजावेत. प्रस्तुत लेखिकेने गेल्या वर्षी राखायचा धागा काढायचा समजून कापला, त्यात तीन संध्याकाळींचे काम वाया गेले.

कापड आधी धुऊन, ओलसर असतानाच इस्त्री करून आणावे.