पुस्तक किती हातांतून फिरते, यावरून हिशेब व्हावा : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : सार्वजनिक ग्रंथालयांतील ई-पुस्तके व छापील पुस्तके.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

चंद्रपूर जिल्ह्यातील एका शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयात मी गेली एकोणीस वर्षे ग्रंथपाल म्हणून काम करते. ग्रंथालये डिजिटल केली की झाडेही वाचतील आणि जागाही वाचेल, असे अलीकडे सभा-बैठकांतून वारंवार ऐकू येते. ई-पुस्तकांना माझा विरोध नाही. आमच्या वाचकांना ती हवीच आहेत. मात्र पर्यावरणाच्या नावाने निर्णय होणार असेल, तर त्याचा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडला जावा, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

आमच्या भागात या हिशेबाच्या दोन्ही बाजू डोळ्यांसमोर आहेत. बल्लारपूरच्या कागद कारखान्याने इथल्या जंगलांतला बांबू वर्षानुवर्षे वापरला, आणि शेजारच्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला आपल्याच बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार मिळायला २०११ साल उजाडावे लागले. कागदाची किंमत जंगल मोजते, हे आम्हांला वेगळे सांगावे लागत नाही. पण २,९२० मेगावॅटचे महाऔष्णिक वीज केंद्रही याच जिल्ह्यात आहे, आणि त्याची राख नि धूर आमच्याच वाट्याला येतो. प्रत्यक्ष वाचताना लागणारी वीज तशी थोडीच. खरा भार पडतो तो टॅबलेट किंवा मोबाईल घडवताना, म्हणजे खनिजे खणताना, बॅटरी आणि चिप तयार करताना, आणि पुढे चार-पाच वर्षांत तेच उपकरण ई-कचऱ्यात जाते तेव्हा. एका माणसाने एक उपकरण घेऊन त्यावर वर्षाकाठी दोन-तीन पुस्तके वाचली, तर झाडे वाचवल्याचे समाधान फारसे खरे नसते. त्याच उपकरणावर त्याने शंभर पुस्तके वाचली, तर गोष्ट वेगळी.

छापील पुस्तकालाही हीच कसोटी लावावी. आमच्याकडे एका कादंबरीच्या शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी भरली म्हणून तिच्यावर दुसरी डकवली, मग तिसरी. आता तो कोपरा पुठ्ठ्यासारखा जाड झाला आहे. पुस्तकाची बांधणी दोनदा नव्याने करून घेतली. पहिल्या वाचकानंतर ते ज्यांनी नेले, त्यांच्यापैकी कोणासाठीही नवा कागद लागला नाही की वीज. घरोघरी विकत घेतलेल्या प्रतीपेक्षा आणि घरोघरी वाटलेल्या टॅबलेटपेक्षाही ग्रंथालयातली अशी एक प्रत पर्यावरणाला स्वस्त पडते, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने उभ्या केलेल्या व्यवस्थेचे हे बळ धोरण ठरवताना विसरले जाऊ नये.

मात्र काही पुस्तके कागदावर छापणे हा निव्वळ अपव्यय आहे. स्पर्धा परीक्षेची मुले आमच्या अभ्यासिकेत रात्री दहापर्यंत बसतात. चालू घडामोडींचे जाडजूड ग्रंथ वर्षभरात शिळे होतात आणि थेट रद्दीत जातात. शासन निर्णय, जुन्या प्रश्नपत्रिका, अहवाल यांचेही तेच. या सगळ्याला ई-पुस्तकासारखा दुसरा पर्याय नाही. कसर लागलेले, पान उलटताना तुकडा पडणारे जुने ग्रंथही आता हाताळण्यापेक्षा पडद्यावरच वाचले जावेत.

अडचण आहे ती ई-पुस्तक कसे तयार केले जाते याची. संकेतस्थळांवरून उतरवून घेतलेली अनेक जुनी मराठी पुस्तके म्हणजे पानांचे नुसते फोटो असतात. मोबाईलवर अक्षर मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते, आणि प्रत्येक ओळ बोटाने इकडून तिकडे सरकवत वाचावी लागते. काही पुस्तकांत अक्षरे असतात, पण जुन्या फॉन्टची. मजकूर शोधायला गेले तर हाती अगम्य चिन्हे लागतात. मग मुले काय करतात? समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन त्याच पीडीएफची कागदाच्या एकाच बाजूवर प्रिंट काढतात. वाचवायला निघालेला कागद असा दुपटीने खर्ची पडतो.

आमचे एक वाचक पूर्णपणे दृष्टिहीन आहेत. मोबाईलमधला आवाज त्यांना बातम्या भराभर वाचून दाखवतो. मागे मी त्यांना अशीच एक फाइल उघडून दिली, तर आवाजाने पृष्ठ क्रमांक तेवढा उच्चारला आणि तो गप्प झाला. ते बराच वेळ फोन कानाशी धरून बसले होते. दृष्टिहीनांना पुस्तके खुली करणारा मराकेश करार २०१४ मध्ये जगात सर्वांत आधी भारताने मंजूर केला, याची त्या दिवशी मला फार तीव्रतेने आठवण झाली.

म्हणून विनंती आहे की, नवीन टॅबलेट खरेदीआधी शासनाच्या मालकीची मराठी पुस्तके युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही उपकरणावर अक्षरे नीट दिसतील आणि शोधता येतील अशा संकेतप्रणालीत, पडद्याच्या रुंदीप्रमाणे जुळवून घेणाऱ्या ई-पब स्वरूपात उपलब्ध व्हावीत. ग्रंथालयाचा वर्ग आणि अनुदान ठरवताना ई-पुस्तकांची नोंद कशी धरायची, याचा नियम स्पष्ट असावा. पण त्यापोटी कथा-कादंबऱ्या आणि बालसाहित्याच्या छापील खरेदीला कात्री लागू नये. लहान मुले पुस्तक हातात घेऊन, चित्रावर बोट ठेवूनच वाचायला लागतात, हे मी रोज पाहते.

जुन्या पुस्तकांचे युनिकोड करताना यंत्राकडून जोडाक्षरांत आणि रफारांत पुष्कळ चुका होतात, आणि त्या माणसानेच तपासाव्या लागतात. हे मुद्रितशोधन जिल्ह्याजिल्ह्यांतील ग्रंथपालांकडे सोपवावे. माझ्या वाट्याची पहिली दहा पुस्तके मी मानधनाशिवाय तपासून देईन.

कळावे,
आपली विश्वासू,
एक ग्रंथपाल, जि. चंद्रपूर