जुन्या टू-स्ट्रोकला मूळ रूपात जगू द्या

संपादक महोदय,

कर्कश आवाजाच्या दुचाकींवर कारवाई झाली की त्या बातम्यांत जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकलींना सरसकट दोष दिला जातो. सायलेन्सरमधली बफल, म्हणजे आवाज दाबणारी आतली नळी, काढून टाकणाऱ्याचा दोष गाडीच्या माथी मारला जातो, याचे वाईट वाटते.

१९८५ मध्ये आलेल्या यामाहा आरएक्स १०० चे इंजिन अवघे ९८ सीसीचे, ताकद ११ अश्वशक्ती आणि गाडीचे वजन जेमतेम शंभर किलोच्या आसपास. त्याच वर्षी आलेली हीरो होंडा सीडी १०० ही फोर-स्ट्रोक गाडी जवळजवळ तेवढ्याच सीसीची आणि पेट्रोलला परवडणारी होती, पण पिकअपमध्ये ती आरएक्सला गाठू शकत नसे; कारण फोर-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या (पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याच्या) दोन फेऱ्यांत एकदा इंधन पेटते आणि टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला. शिवाय टू-स्ट्रोकच्या हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणात, व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, टायमिंग चेन नाही. त्यामुळे बारावीत असताना मी वडिलांच्या आरएक्सचे हेड मिस्त्रींसमोर स्वतः उघडू शकलो. चार नट सोडले, हेड उचलले आणि कार्बनने काळवंडलेला पिस्टनचा माथा समोर आला. स्पार्क प्लग चॉकलेटी असेल तर इंजिन ठीक, काळा आणि ओला असेल तर पेट्रोलबरोबर जळणारे ऑइल जास्त, पांढरा पडला असेल तर इंजिन तापते आहे, हे मिस्त्रींनी त्याच दिवशी शिकवले. यंत्र आपल्याशी बोलते, हा अनुभव मला त्या गाडीने दिला आणि आजही तिची ओढ आहे ती त्यासाठीच.

टू-स्ट्रोकमध्ये न जळलेले पेट्रोल आणि ऑइल काही प्रमाणात धुराबरोबर बाहेर पडते, हे मान्यच करायला हवे. प्रदूषणाचे निकष कडक होत गेले तशा या मोटारसायकली बंद झाल्या आणि ते योग्यच झाले. प्रश्न उरलेल्या गाड्यांचा आहे. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या वाहनाला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. म्हैसूरच्या कारखान्यातून १९६१ पासून निघालेल्या जुन्या जावा मोटारसायकली त्यात बसतात; पहिल्या आरएक्सला मात्र २०३५ उजाडेपर्यंत थांबावे लागेल आणि तोवर किती गाड्या भंगारात जातील किंवा कापून विद्रूप होतील, हे कोणत्याही जुन्या बाजारात फिरल्यावर कळते.

म्हणून तीस वर्षांवरील, मूळ सायलेन्सर व मूळ इंजिन असलेल्या दुचाकींसाठी, मर्यादित वापराच्या आणि नियमित तपासणीच्या अटीवर, असाच वेगळा वर्ग करावा, अशी परिवहन खात्याला विनंती आहे. गाडीमालकांनाही कळकळीने सांगणे आहे, की बफल काढू नका. ती बाहेर काढून कार्बन जाळा, घासून स्वच्छ करा आणि पुन्हा बसवा. आमच्या १९९२ च्या गाडीची बफल अजून मूळचीच आहे.

– एक वाचक, कोल्हापूर