जीएनएम की बीएस्सी?

नाशिक, रविवार

प्रिय मंगल,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी नाइट करून नुकतीच घरी टेकले होते. धड बोलता आलं नाही, राग मानू नकोस. ‘लेकीला जीएनएमला घालू की बीएस्सीला, पगारात किती फरक पडतो गं?’ हा तुझा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे. जीएनएम म्हणजे नर्सिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा, आणि बीएस्सी ही नर्सिंगची चार वर्षांची पदवी.

आमच्या वॉर्डात दोघी एकाच ऑर्डरने लागल्या, एक जीएनएम, दुसरी बीएस्सी. राज्य सरकारात अधिपरिचारिकेचं, म्हणजे स्टाफ नर्सचं, पद एकच, वेतनश्रेणी एस-13, मूळ पगार 35,400 पासून. महिनाअखेर दोघींच्या खात्यात सारखेच पैसे पडतात. मी नोकरीत असताना पोस्ट बेसिकची, म्हणजे जीएनएमनंतर करायच्या बीएस्सीची, दोन वर्षं केली, तुला आठवत असेल, पोरं आईकडे ठेवून. पगार रुपयानेही हलला नाही. ह्यांनी तर आठवडाभर टोमणे मारले.

मग बीएस्सी कशाला? दारं जास्त उघडतात म्हणून. समुदाय आरोग्य अधिकारी हे पद घे. उपकेंद्रात दरमहा 25,000 आणि कामावर आधारित 15,000 पर्यंत. जाहिरातीत बीएएमएसच्या (आयुर्वेदाच्या डॉक्टरांच्या) शेजारी बीएस्सी नर्सिंग असतं. पद कंत्राटी आहे, हे मात्र लेकीला आधीच सांग. नागपूरच्या एम्ससारख्या ठिकाणी नर्सिंग ऑफिसरचा मूळ पगार 44,900 आहे. तिथली परीक्षा बीएस्सीवाली नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी होताच देऊ शकते. जीएनएमवालीला आधी किमान 50 खाटांच्या रुग्णालयात दोन वर्षं काढावी लागतात. आता हिशेब कर: तीन वर्षं शिक्षण अधिक दोन वर्षं अनुभव, म्हणजे पाच. बीएस्सी चारच वर्षांची. पुढे शिकवायचं असेल तरी पदवी हवीच. माझ्या पोस्ट बेसिकचा उपयोग तिथेच, पाठ्यनिर्देशिकेच्या, म्हणजे नर्सिंग शिकवणारीच्या, पदासाठी मी पात्र झाले. परिसेविका, म्हणजे वॉर्डची इन्चार्ज सिस्टर, कधी होईन ते सेवाज्येष्ठतेच्या यादीला ठाऊक!

खासगीची गोष्ट वेगळी, आणि मला जास्त काळजी तिचीच वाटते. पास झाल्यावर मी ज्या तीसेक खाटांच्या दवाखान्यात लागले होते, तिथे हातात 2,200 पडायचे, बारा तासांची ड्युटी. वर बॉण्ड म्हणून, म्हणजे मधेच नोकरी सोडू नये म्हणून, ओरिजिनल सर्टिफिकेटं मालकांच्या कपाटात. सरकारी मुलाखतीचं पत्र आलं तेव्हा ती परत मिळवायला बाबांना तीन खेपा घालाव्या लागल्या. शेजारच्या पलंगावर काम करणारी बीएस्सी होती, तिला माझ्याहून तीनशे जास्त. चार वर्षांच्या पदवीचे तीनशे रुपये!

खासगीतल्या नर्सच्या पगारासाठी 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला समिती नेमायला लावली. समितीने सांगितलं, 200 हून जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार द्या, आणि 50 हून कमी खाटांच्या दवाखान्यातही 20,000 च्या खाली जाऊ नका. बघ, हिशेब खाटांवर मांडला आहे, पदवीवर नाही. तो कागद किती ठिकाणी पाळतात, ते आपल्या भागातल्या कुठल्याही सिस्टरला विचार.

एएनएमचं, त्या दोन वर्षांच्या नर्सिंग कोर्सचं, नाव मात्र काढू नकोस. तुझ्या जाऊबाई म्हणतात ‘दोन वर्षांत नोकरी’, पण आरोग्य सेविकेची श्रेणी एस-8, मूळ पगार 25,500 पासून. पोरगी बारावी सायन्स आहे, तिला इतकं खाली कशाला उतरवायचं? घरची फारच ओढाताण असेल तर जीएनएम कर, पोस्ट बेसिक मागून करता येतं. पण मागून करताना घर, संसार, नाइट सगळं सांभाळावं लागतं. मी केलंय, म्हणून लेकीला तसं करायला सांगवत नाही.

नर्सिंगची प्रवेश परीक्षा, सीईटी, दिली असेल तर सरकारी कॉलेजचे पर्याय वर टाका. खासगीतच जायची वेळ आली तर पैसे भरण्याआधी कॉलेजचं नाव मला कळव. नर्सिंग कौन्सिलची मान्यता यंदाची आहे का, ते मी बघून सांगते. तिथे ‘बॉण्ड’ हा शब्द कुणी काढला तर उठून ये.

गुरुवारी माझा ऑफ आहे. दुपारी फोन कर, आणि लेकीलाच द्यायचा, तू मधे बोलायचं नाहीस.

तुझीच,
शैला