शिवणवर्गात जंपसूट शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या गोव्यातल्या डिचोली भागातल्या महिला मंडळांचे शिवणवर्ग ब्लाऊज, परकर, फ्रॉक आणि पंजाबी ड्रेस यांवर आटोपतात. त्यात जंपसूट घालावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मुली तो हौसेने घालतात, पण तयार घेतात, आणि तयार जंपसूट अंगाला नीट बसलेला क्वचितच दिसतो. टॉप आणि पँट वेगळी असली की थोडं कमीजास्त खपून जातं. इथे खांद्यापासून घोट्यापर्यंत सगळं जोडलेलं. धडाची लांबी दीड इंच कमी पडली, तरी स्कूटरवर बसताना आसन, म्हणजे दोन्ही पायांमधला जोड, काचतं आणि खांदे ओढले जातात.

म्हणून छाती, कंबर, सीट (नितंबांचा घेर) एवढीच मापं पुरत नाहीत. टेप खांद्याच्या मध्यावर धरून पुढून खाली, दोन्ही पायांमधून, पाठीवरून परत त्याच खांद्यावर आणावा. या मापात निदान दोन इंच लूज ठेवावा. आसनाच्या खोलीसाठी खुर्चीवर ताठ बसवून कमरेच्या बाजूपासून बैठकीपर्यंत मोजावं.

मग थेट चांगल्या कापडाला कात्री लावू नये. आधी मांजरपाटाचा नाहीतर जुन्या चादरीचा जंपसूट मोठ्या टाक्यांनी शिवून अंगावर घालून बघावा. माझ्या सुनेला असा घालायला लावला, चालवलं, वाकवलं, पाटावर बसवलं. बसल्याबरोबर मांड्यांच्या सांध्यापासून खांद्याकडे तिरप्या घड्या ताणल्या गेल्या. कमरेवर आडवा काप देऊन दीड इंचाची पट्टी जोडली, तेव्हा त्या घड्या गेल्या. मागे मात्र कमरेच्या वर कापड फुगत होतं. तिथे टाचण्या लावून तेवढंच आत घेतलं. पुढची आणि मागची लांबी वेगळी असू शकते, हे वहीतल्या सूत्रात दिसत नाही, अंगावर दिसतं. आपल्या वर्गांत नेमकं हेच शिकवलं जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

कापड सुतीच घ्यावं; आपल्या दमट हवेत पॉलिस्टर अंगाला चिकटतं. म्हापशाच्या बाजारात चांगलं सुती मिळतं. ४४ इंच पन्ह्याचं साडेतीन-चार मीटर लागतं. बेतण्याआधी ते धुऊन वाळवायलाच हवं, नाहीतर पहिल्या धुण्यात आटलेली लांबी पुन्हा आसनालाच काचणार. कमरेच्या शिवणीत दोन्हीकडे इंचभर दाब, म्हणजे शिवणीच्या आत जास्तीचं कापड, ठेवावा, आसनाला दुहेरी टीप मारावी. पाठीवरच्या चेनपेक्षा पुढे बटणपट्टी बरी, कारण बाथरूमला जाताना पूर्ण कपडा उतरवावा लागतो. ती पट्टी कमरेच्या चार-पाच बोटं खाली न्यावी, म्हणजे घालता-काढताना सीट अडकत नाही.

मंडळांच्या शिक्षिकांनी पुढच्या वर्गात प्रत्येकीला एक जुनी चादर आणायला सांगावी. आमच्या भागात कुणी असा वर्ग घेणार असेल, तर मापं घ्यायला आणि फिटिंग दाखवायला मी विनामोबदला येईन.

– शिवणकाम करणारी एक गृहिणी, डिचोली