पेरोव्स्काइटचे आयन आपल्या उन्हात मोजा : नवीकरणीय ऊर्जा मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्री,
सप्रेम नमस्कार.

पेरोव्स्काइट या खास स्फटिकरचनेच्या पदार्थापासून बनवलेल्या सोलर सेलच्या कार्यक्षमतेचा नवा विक्रम झाला की बातमी होते, आणि ती व्हायलाच हवी. २००९ मध्ये जपानमध्ये त्सुतोमू मियासाका यांच्या गटाचा सेल ३.८ टक्क्यांचा होता. आज सिलिकॉनवर पेरोव्स्काइटचा थर दिलेले टँडेम सेल ३४ टक्क्यांपुढे गेले आहेत. आपल्याच मंत्रालयाच्या निधीतून २०१० साली आयआयटी मुंबईत उभ्या राहिलेल्या केंद्रातही यावर भक्कम काम चालू आहे. माझी विनंती मात्र हे सेल टिकण्याबद्दल आहे.

सिलिकॉनच्या स्फटिकात अणू आपली जागा सोडत नाहीत. पेरोव्स्काइटमध्ये आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, ती सोडतात. आयोडाइडची (आयोडीनच्या आयनाची) एखादी जागा रिकामी असते, शेजारचा आयन तिथे उडी मारतो, मग त्याची जागा रिकामी होते. गच्च भरलेल्या एसटीत एक जण उतरल्यावर सरकासरकी होते तसं. सेकंदांपासून तासांपर्यंत हे चालतं. आयन थराच्या कडेला साचतात, आतलं विद्युतक्षेत्र दुबळं होतं आणि वीज कमी मिळते. काही आयोडाइड चांदीच्या इलेक्ट्रोडपर्यंत पोचून तिचं सिल्व्हर आयोडाइड करतं. ते नुकसान भरून येत नाही. टँडेमसाठी लागणाऱ्या ब्रोमाइड-आयोडाइडच्या मिश्रणात तर उजेडात दोन्ही वेगळे होऊ लागतात आणि अंधारात पुन्हा मिसळतात.

म्हणून रात्र मोजली पाहिजे. अखंड प्रकाशात ठेवलेला सेल आणि रोज दिवस-रात्र पाहणारा सेल सारखे वागत नाहीत. कधी तो रात्रीत सावरतो, कधी या फेऱ्यांनीच लवकर खचतो. पॅनेलसाठी रूढ असलेली ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेची हजार तासांची चाचणी अंधारात होते. सिलिकॉनसाठी ती ठीक; आयनांबद्दल ती फारसं सांगत नाही.

उष्णतेचं गणित आणखी कठोर आहे. बाथ विद्यापीठातल्या सैफुल इस्लाम यांच्या गटाने व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मिथाइल अमोनियम लेड आयोडाइड या पेरोव्स्काइटमधल्या आयोडाइडच्या उडीसाठी ०.५८ इलेक्ट्रॉनव्होल्ट (ऊर्जेचं सूक्ष्म एकक) इतका ऊर्जेचा अडथळा मांडला. तो धरून हिशेब केला, तर २५ अंशांवरून ६५ अंशांवर गेल्यावर उड्या सुमारे १४ पट वेगाने होतात. विक्रम २५ अंशांवर मोजले जातात. मे महिन्यात धुळे जिल्ह्यातल्या साक्रीच्या माळावर पॅनेल ६५ अंशांना सहज पोचतं.

एक मागणी कळकळीची. साक्रीसारख्या कोरड्या, रत्नागिरीसारख्या दमट आणि राजस्थानच्या वाळवंटी हवेत पेरोव्स्काइट पॅनेलची उघड्यावर, निदान पाच वर्षं चालणारी चाचणीकेंद्रं काढा. तिथे नुसते वॅट मोजून भागणार नाही. पहाटे, भर दुपारी आणि रात्री आयनांची हालचाल इम्पीडन्सने, म्हणजे बदलत्या विद्युतप्रवाहाला सेल किती अडवतो हे मोजून, तपासली पाहिजे. त्यासाठी यंत्राइतकाच ते सांभाळणारा कायम तंत्रज्ञ लागतो. प्रकल्प संपतो, माणूस निघून जातो आणि नोंदी तुटतात, हे आमच्या क्षेत्रातलं जुनं दुखणं आहे.

शिवाय सरकारी पैशातून झालेल्या प्रत्येक कामात बिघडलेल्या सेलचे आकडेही प्रसिद्ध करण्याची अट घाला. कोणता थर कुठे फुटला, आयन कुठे साचले, हे कळल्याशिवाय दुसऱ्या प्रयोगशाळेला तीच चूक टाळता येत नाही.

आणि ही माहिती हाती येईपर्यंत घरांच्या छतांसाठीच्या अनुदानात पेरोव्स्काइट पॅनेल घेऊ नयेत. कर्ज काढून पॅनेल बसवणारं कुटुंब २५ वर्षांच्या भरवशावर पैसे घालतं.

आपली,
पेरोव्स्काइटवर काम करणारी एक संशोधक
पुणे