पाण्यातला हात

तीर्थरूप आई-बाबा यांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

पुढच्या सोमवारपासून मदतनीस दिवसभर न थांबता सकाळी फक्त दोन तास येतील, असे मी त्यांना कळवले आहे. तुम्हाला आधी विचारायला हवे होते. पण विचारले असते तर बाबा "तुला योग्य वाटेल ते कर" म्हणाले असते आणि आईने रात्र जागून काढली असती. यात खर्चाचा काही संबंध नाही, आणि माझी माया आटली असे तर मनातही आणू नका. अंघोळीच्या वेळी मदतनीस असतीलच. पलंगाजवळची घंटा आणि रात्रीचा दिवा जागच्या जागी राहील, आणि खुर्चीची उंची मी शनिवारी स्वतः उभी राहून वाढवून घेईन.

बाबा, हाड जुळून चार महिने झाले, डॉक्टरांनी पूर्ण वजन टाकून चालायची परवानगी दिली, तरी हात धरल्याशिवाय तुम्ही उठत नाही. यात तुमचा दोष नाही. तुम्ही पडलात तेव्हापासून चष्मासुद्धा मीच तुमच्या हातात देत आले, आणि दर वेळी न बोलता हेच सांगत राहिले की तुम्हाला जमणार नाही. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये मांडले होते की 'मला हे जमेल' हा विश्वास मुख्यतः चार गोष्टींतून येतो. स्वतः करून पाहिल्याने, आपल्यासारख्या दुसऱ्याला जमताना पाहिल्याने, कुणी धीर दिल्याने आणि आपल्या शरीराच्या खुणांचा आपण जो अर्थ लावतो त्यातून. त्यांतली सर्वांत भक्कम वाट पहिली, आणि नेमकी तीच मी काळजीपोटी बंद करून टाकली. उठताना होणारी धडधड तुम्हाला पडण्याची सूचना वाटते. डॉक्टर म्हणतात, बरेच दिवस बसून राहिलेल्या शरीराला पडणारे ते श्रम आहेत. तरीही छातीत दुखले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर लगेच घंटा वाजवायची.

परवा तुमचा नातू सोफ्यावरून उठताना दोन्ही तळवे टेकून, डोळे मिटून "हळू, हळू" असे पुटपुटला. त्याला हे कुणीच शिकवलेले नाही. बांडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये ७२ लहान मुलांवर प्रयोग केला, तेव्हा मोठ्या माणसाला बाहुल्याला मारताना पाहिलेल्या मुलांनी त्याच्या कृतींबरोबर त्याचे शब्दही उचलले. १९६५ च्या प्रयोगात, मारणाऱ्याला शिक्षा झालेली पाहिलेली मुले आधी आवरून राहिली, पण बक्षीस देऊ केल्यावर त्यांनीही तितकेच करून दाखवले. पाहिलेले आत साठते, मग ते वागण्यात लगेच दिसो वा न दिसो.

माझ्यातही ते साठलेले आहे. मी आठ वर्षांची असताना तुम्ही माझ्याबरोबर पोहायला शिकलात, ते आठवते ना? शिक्षक सहज पाणी कापत जायचे, पण त्यांना पाहून माझी भीती तसूभरही कमी झाली नाही. तुमच्या नाकात पाणी गेले, तुम्ही ठसकत काठ धरलात, लाल डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलेत आणि पुन्हा हात सोडलात, तेव्हा मला वाटले की आपल्यालाही जमेल. म्हणूनच तुमच्याच वयाच्या, असेच हाड मोडून पुन्हा चालू लागलेल्या एका गृहस्थांना मी बुधवारी संध्याकाळी यायची विनंती केली आहे. ते अजून काठी घेऊनच चालतात, आणि मला तेच हवे आहे.

आई, तू आता धावायचे नाहीस. बाबांनी पाण्यासाठी हात पुढे केला की तू बसूनच राहा. तुझ्या जिवाची किती घालमेल होईल, ते मला ठाऊक आहे, पण त्यांना उठू दे. बाबा, झोपेतून उठल्यावर आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटे बसायचे, मगच उभे राहायचे. सैल चपला घालायच्या नाहीत, आणि काठीचे रबर झिजले असेल तर मला आजच कळवायचे.

शनिवारी तुम्ही खुर्चीतून उठाल, तेव्हा मी दोन पावलांवर उभी असेन. काठावर माझ्या पोटाखालचा हात काढून घेतल्यावर तुम्ही जितक्या अंतरावर थांबला होतात, तितक्याच.

तुमची,
छकुली