बुकिंग झालंय, पण आधी हे नीट वाचा

प्रिय आई-बाबा,

फोनवर हा विषय निघाला की आईचा आवाज भरून येतो आणि बाबा गप्प होतात, मग सांगायचं ते राहूनच जातं, म्हणून लिहितेय. पुढच्या महिन्यातल्या स्कूबा डायव्हिंगचं, म्हणजे पाठीवर हवेचा सिलेंडर लावून समुद्रात खाली जायचं, बुकिंग मी केलंय. दादाला माहितीये, पण तुम्हाला माझ्याकडूनच कळावं असं वाटलं.

बाबा, आधी तुमच्याशी बोलते. पाण्यात उतरण्याआधी तब्येतीचा फॉर्म असतो, त्यात वय ४५ च्या पुढे असेल तर विचारतात की घरात कुणाला पन्नाशीच्या आत हार्टचा त्रास झालाय का. मी 'हो' वर टिक केलं. मग डॉक्टरांची सही लागते, तर स्ट्रेस टेस्ट केली, रिपोर्ट चांगला आला, सही मिळाली. खरं न लिहिता जाणारेही असतात, पण डायव्हिंगमधल्या मृत्यूंमागे हार्ट हे मोठं कारण असतं, तिथे कसली लपवालपवी करायची? आणि तुमच्यामुळे माझं काही अडलं असं चुकूनही मनात आणू नका हं बाबा, उलट तुमच्यामुळेच माझी तपासणी वेळेत झाली.

आई, तू विचारलंस ना, बरोबर कोण असतं आणि त्याचा भरवसा काय. अगदी बरोबर विचारलंस. खाली जोडीनेच जायचं असतं, त्याला बडी म्हणतात. प्रत्येकाच्या सिलेंडरला श्वासासाठी एक जादाचा रेग्युलेटर असतो, माझी हवा संपली तर मी बडीची घ्यायची. पण तो हाताच्या अंतरावर असेल तरच ना! मागे बोटीवर एका अनोळखी माणसाशी माझी जोडी लावून दिली होती, तो कॅमेरा घेऊन गेला तो गेलाच. मला काही झालं नाही, हवा भरपूर होती, नियमाप्रमाणे एक मिनिट शोधलं आणि सावकाश वर आले. पण तेव्हाच ठरवलं की असा नावापुरता बडी नको. या वेळी बडी म्हणून माझी ती मैत्रीण आहे, आपल्याकडे राहून गेली ती, तुझ्याशी रात्री उशिरापर्यंत गप्पा मारत बसायची. उतरण्याआधी आम्ही एकमेकींचं जॅकेट, वजनं, बकल, हवा सगळं तपासतो. आणि दोघींपैकी कुणीही अंगठा वर केला, म्हणजे 'वर चल', की दुसरीने का म्हणून विचारायचं नाही, नंतर रुसायचंही नाही. पैसे भरलेत, सगळे उतरतायत, मग आपणच कसं नाही म्हणायचं, या संकोचापायी माणसं नको तिथे जातात, मला त्याचीच जास्त भीती वाटते.

हवेचा हिशोबही सांगते, बाबांना आवडेल. २० मीटरवर दाब वरच्या तिप्पट, म्हणजे हवाही तिप्पट वेगाने संपते, आणि घाबरलेला माणूस तर आणखीच ओढतो. म्हणून एका सिलेंडरवर दोघींना वर येता येईल, शिवाय ५ मीटरवर तीन मिनिटं थांबताही येईल, एवढी हवा कायम राखून ठेवायची. १८ मीटरसाठी १२ लिटरच्या सिलेंडरमध्ये ५० बार (बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप) धरतो आणि त्याच्या बरंच आधी परत फिरतो. ३० मीटरला जास्त राखावी लागते. तिथपर्यंतचं सर्टिफिकेट माझ्याकडे आहे, तरी या खेपेला तेवढं खोल जाणार नाहीये. शिवाय स्वतःचा एक छोटा वेगळा सिलेंडर घेतलाय, त्याचा रेग्युलेटरही वेगळा. तिच्यावर विश्वास नाही म्हणून नाही गं, पण ती स्वतःच अडचणीत असेल तेव्हा मी तिच्या गळ्यात पडू नये म्हणून. बाबा, पोहायला शिकवताना तुम्ही पोटाखालचा हात न सांगता काढून घ्यायचात, मी केवढी चिडायचे, पण तुम्ही तिथेच उभे असायचात. आजही पाण्यात उतरताना ते आठवतं आणि बरं वाटतं.

राहायची खोली कोरडी आहे, जेवण गरम मिळतं, झोप पूर्ण होते. सर्दी झाली असेल तर उतरणारच नाही, कान दुखतात म्हणून. शेवटच्या डाइव्हनंतर निदान १८ तास विमानात बसायचं नसतं, म्हणून परतीचं तिकीट एक दिवस उशिराचं आहे, त्यात दुसरं काही शोधत बसू नका.

आता माझं ऐका. बाबा, रात्रीची गोळी 'आज बरं वाटतंय' म्हणून चुकवायची नाही, आणि जिना चढताना धाप लागली तर आईला त्याच दिवशी सांगायचं. आई, माळ्यावरचं काही काढायला स्टुलावर चढायचं नाही, दादा येईपर्यंत ते डबे तिथेच राहू देत. रात्री मोबाईलवर समुद्रातल्या अपघातांचे व्हिडिओ बघू नकोस, झोप उडते तुझी, मग दिवसभर डोकं दुखतं. दोघांच्या तपासणीची वेळ दादाने घेतली आहे. मी निघण्याआधी ती होऊ दे आणि रिपोर्टचे फोटो मला पाठवा, सगळी पानं, फक्त पहिलं नाही.

तुमचीच,
छोटी